ढगावरचं खळं

आमच्या गावात धान कापायला घेण्याआधी लोक माझ्या बाबांना विचारायचे. गोंदियाकडच्या आमगावपासून थोडं आत आमचं गाव. बाबा काही मोठे शेतकरी नव्हते, बांध घातलेली धानाची शेतं, म्हणजे बांध्या, थोड्या स्वतःच्या आणि थोड्या ठेक्याच्या. पण चंद्राभोवतीचं उजेडाचं गोल खळं बघून पाण्याचा अंदाज सांगावा तो त्यांनीच. कापलेला धान सुकायला बांधीतच पसरलेला असतो. त्यावर पाणी पडलं की लोंबीतच कोंब फुटतात, दाणा काळा पडतो, सगळी मेहनत चिखलात जाते. म्हणून दिवाळीच्या तोंडावर लवकर येणारा हलका धान पिवळा झाला की संध्याकाळी शेजारपाजारचे आमच्या अंगणात येऊन बसायचे आणि बाबा मान वर करून चंद्राकडे बघायचे. लांबचं खळं, जवळ पाणी. जवळचं खळं, लांब पाणी. म्हण सगळ्यांनाच पाठ होती, पण खळं लांबचं की जवळचं हे ठरवायची नजर बाबांची होती.

कोणी त्यांना ज्योतिषी म्हटलं तर मात्र संपलंच. आमचं घर बौद्धांचं. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच देव्हारा घराबाहेर गेला होता, आणि शकुन-अपशकुनाचं नाव काढलं तरी बाबा भडकायचे. ‘मी भविष्य नाही सांगत, मी पाहून सांगतो,’ असं ते म्हणायचे. कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, आपल्या डोळ्यानं बघायचं आणि मग बोलायचं, ही त्यांची शिकवण मी लहानपणापासून ऐकत आले. माझा तापट स्वभावही त्यांचाच. आई बिचारी कोणाला दुखवायची नाही.

मग एका हंगामात बाबांना रोजच खळं दिसायला लागलं. आज कापू नका, पाणी आहे, असं त्यांनी सांगितलं आणि लोक थांबले. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. दुसऱ्या दिवशी पुन्हा खळं, पुन्हा थांबा. धान उभ्या उभ्या झडायला लागला, पाखरांनी बांध्यांमध्ये तळ ठोकला, तेव्हा लोकांनी न विचारता विळे काढले. पाणी काही आलं नाही. पुढच्या वर्षीही तेच झालं. मग अंगणात कोणी येईना. चहाच्या टपरीवर एकानं त्यांच्या तोंडावर म्हटलं की बुढ्याच्या खळ्यात आता पाणीच उरलं नाही, आणि सगळे हसले. बाबा चहा अर्धा टाकून घरी आले.

ते आईला अंगणात उभं करायचे आणि विचारायचे, दिसतंय का? आई म्हणायची, दिसतंय की. मग बाबा विचारायचे, लाल कोणत्या बाजूनं आहे? आई अंदाजानं आतून म्हणायची, आणि बाबा चरफडत आत जायचे. त्यांच्या खळ्याला लाल बाहेरून असायचं. दिवाळीला मी माहेरी गेले की मलाही उभं करायचे. मी सरळ सांगायची, बाबा, नुसता चंद्र आहे, बाकी काही नाही. त्यावर ते मी परत जाईपर्यंत माझ्याशी धड बोलायचे नाहीत.

त्याच सुमारास त्यांचं डोकं दुखायला लागलं. कपाळ ठणकायचं, उलटी व्हायची, डावा डोळा लाल व्हायचा. सगळ्यांनी ठरवून टाकलं की मोतीबिंदू आहे, पिकू द्या, पिकला की काढू. आमच्याकडे मोतीबिंदू आंब्यासारखा पिकवायचा असतो. तो पिकायची वाट बघता बघता डावा डोळा गेला. मग आई गेली, आणि मी त्यांना आमगावला माझ्या घरी आणलं. घराला लागूनच माझं शिलाईचं दुकान आहे. नवरा कामासाठी तिरोड्याला असतो, त्यामुळे दिवसभर आम्ही दोघंच.

गोंदियाच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा त्यानं आधी डोळे तपासले आणि मग विचारलं, “बाबूजी, बल्ब के आजूबाजू रंगीन गोला दिखता है क्या?”

बाबा खुर्चीवर ताठ झाले. इतक्या वर्षांनी त्यांच्या खळ्याबद्दल कोणीतरी आपणहून विचारलं होतं. त्यांनी हौसेनं सगळं सांगितलं. बल्बला दिसतं, मोटरसायकलच्या लाइटला दिसतं, चंद्राला तर दिसतंच. लाल बाहेरून, निळा आतून. डोकं दुखतं त्या दिवशी जास्त. डॉक्टरनं शांतपणे ऐकलं आणि मला सांगितलं की हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढला की उजेडाभोवती असे रंगीत गोल दिसतात. ते डोळ्यातच तयार होतात, बाहेर काहीच नसतं.

परतीच्या ऑटोत बाबा आमचं वळण आलं तेव्हा बोलले.

“म्हणजे लोकाइचा धान माह्या डोळ्यानं झडला?”

 मी ऑटोवाल्यावरच खेकसले, कारण नसताना.

त्या दिवसापासून ते मोडले. चालायचे, जेवायचे, पण आभाळाकडे बघायचे नाहीत. कोणी काही विचारलं तर म्हणायचे, मले नका विचारू, माह्या डोळ्याचा भरवसा नाही. नागपूरला लेझर झालं, थेंब सुरू झाले, पण उजव्या डोळ्याचा दाब काही उतरेना. कडेचं सगळं दिसणं गेलं होतं, मधलं तेवढं उरलं होतं. पपईच्या देठाच्या पोंगळीतून बघावं तसं ते जगाकडे बघायचे. समोर ताट ठेवलं तर भात दिसायचा, शेजारची वाटी दिसायची नाही. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन म्हणतात. आमच्या घरी देव नव्हता, आणि आम्ही एकच मागत होतो, तोही अर्धा.

शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की अशा डोळ्यावर ऑपरेशन करणारा एक सर्जन हैदराबादला आहे. त्यांनीच फोन लावून आमच्यासाठी वेळ मिळवली, अगदी लगेचची. रेल्वेचा प्रवास लांबचा, आणि वाटेत बाबांचं कपाळ ठणकायला लागलं तर डब्यात मी काय करणार होते? म्हणून विमान. बिरसीचं विमानतळ आम्हाला जवळच. तिथून उडणारी विमानं आम्ही धानाच्या बांध्यांमधून वर मान करून पाहिलेली, आत बसायची पाळी आली ती अशी.

बाबांना खिडकी नको होती. मीच त्यांना खिडकीकडे बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागू नये आणि डोकं टेकायला आधार मिळावा म्हणून. थेंबांची बाटली पर्समध्ये अगदी वर ठेवली होती. दुपार उतरायला लागली होती. विमान ढगांच्या वर गेलं आणि ऊन पलीकडच्या खिडक्यांमधून आत आलं. आमची खिडकी डावीकडे, आणि बाबांचा डावा डोळा गेलेला, म्हणून बाहेर बघायला त्यांना सगळी मान वळवावी लागत होती. मी बाहेर बघतच नव्हते. कित्येक महिने मी फक्त त्यांचा चेहरा बघत होते, कुठे आठी पडते, कुठे हात कपाळाला जातो ते.

त्यांनी माझं मनगट धरलं.

“बाई, सुरू झालं.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. खाली उतरता येत नाही, वर डॉक्टर नाही, आणि उद्या ज्या डोळ्यावर ऑपरेशन व्हायचं तोच आज जातोय. मी बाटलीचं झाकण काढायला गेले तर ते बोटांतून निसटून सीटखाली गेलं. डोकं दुखतंय का विचारलं, तर म्हणाले नाही. मळमळतंय का, तर नाही. खळं दिसून राहिलं, एवढंच म्हणाले. इथंच, खाली, ढगावर. त्यांचा आवाज इतका पडलेला होता की मला रडू फुटायला आलं. डोळा मिटा, बाहेर बघू नका, असं म्हणत मी त्यांच्या अंगावरून वाकले आणि खिडकीची झडप ओढायला हात घातला. आणि मला ते दिसलं.

खाली कापसाच्या ढिगासारखा पांढरा ढग पसरला होता. त्यावर आमच्या विमानाची सावली पळत होती, करंगळीएवढी. आणि त्या सावलीभोवती गोल खळं होतं. इंद्रधनुष्य अर्धं असतं, हे पुरं होतं, बांगडीसारखं. सावली पुढे जाईल तसं तेही पुढे जात होतं, ढगाच्या उंचवट्यांवर चढत, खड्ड्यांमध्ये उतरत. मी पुन्हा पुन्हा डोळे चोळले. माझे डोळे चांगले आहेत, मी दिवसभर सुईत दोरा ओवते.

“बाबा, मले दिसते,” मी म्हटलं.

“तुह्या मायसारखं नको करू.”

“खरंच दिसते.”

“लाल कोण्या बाजूनं?”

“बाहेरून. मग पिवळा, हिरवट, अन् आत निळा. मधात विमानाची सावली.”

बाबांनी माझं मनगट सोडलं नाही. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी यायला लागलं, गेलेल्या डोळ्यातूनही. आम्ही डोक्याला डोकं लावून त्या एवढ्याशा खिडकीतून बघत राहिलो. ढग विरला, खाली हिरवी जमीन दिसली आणि खळं गेलं. पुन्हा ढग आला, पुन्हा खळं आलं. बाबा हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. पाणी घेऊन आलेल्या हवाई सुंदरीला त्यांनी हिंदीत सांगितलं की ये मेरी बेटी है, इसको भी दिखा. तिला काही कळलं नाही, पण ती गोड हसली. मला वाटलं, उद्याचं काही का होईना, आजचा दिवस तरी बरा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळभर दवाखान्यात तपासण्या झाल्या. सर्जन तिथलाच, हिंदी बोलणारा, घाईत असला तरी नीट समजावणारा. डोळ्यामागची नस जवळजवळ सुकली आहे, तो म्हणाला. ऑपरेशन नाही केलं तर उरलेली नजर थोड्याच दिवसांत नक्की जाणार. केलं तर टिकण्याची आशा आहे, पण इतकी थोडी नजर उरली असताना कधी कधी ऑपरेशनमध्येच ती जाते, हेही त्यानं लपवलं नाही. विचार करून सांगा, पण दुपारपर्यंत सांगा. मी विचार काय करणार? एकीकडे नक्की अंधार, दुसरीकडे थोडी आशा. मी हो म्हणायला तोंड उघडलं, तोच बाबा म्हणाले, ऑपरेशन करायचं नाही.

मला वाटलं, घाबरले असतील. पण ते घाबरले नव्हते, आणि तेच भयंकर होतं. खळं डोळ्यात नसतं, बाहेर असतं, ते म्हणाले. मी पाहिलं, तू पाहिलं, रंगासकट पाहिलं. गोंदियाच्या डॉक्टरनं त्यांना इतके दिवस खोटं पाडलं होतं. डावा डोळा गेला हे त्यांना मान्य होतं. पण उजवा खळं पाहणारा डोळा होता, चांगला होता, त्याला ते कोणाला हात लावू देणार नव्हते. इतक्या वर्षांनी त्यांना त्यांचं खरेपण परत मिळालं होतं, आणि ते आता कोणाच्या सांगण्यावरून सोडायला तयार नव्हते.

मी काय काय नाही केलं. बल्बचं सांगितलं, बल्बला कुठला ढग असतो? तर म्हणाले, बल्बचं मले माहीत नाही, मी पाहिलेलं सांगून राहिलो. सर्जनला पुन्हा बोलावलं. तो म्हणाला, वो अलग चीज है, ये अलग है, आणि दुसऱ्या पेशंटकडे गेला. मग मी मोबाईलवर शोधलं. सूर्य पाठीशी असला की ढगातल्या बारीक थेंबांवरून उजेड उलटा फिरतो आणि आपल्याच सावलीभोवती असं खळं उठतं. मराठीत त्याला इंद्रवज्र म्हणतात म्हणे. ते वेगळं आणि डोळ्यातलं वेगळं, हे पटवायला मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते खूश झाले. पाह्य, म्हणाले, मोबाईलमंदीही आहे. मी जितकं खरं सांगत होते तितके ते हट्टाला पेटत होते.

नर्स सहीचा कागद घेऊन आली आणि परत गेली. पुन्हा आली, म्हणाली की मॅडम, तुमचं नाही तर दुसऱ्याला आत घेतात, बाहेर लाइन आहे. मी बाबांवर ओरडले. सगळ्या वॉर्डसमोर ओरडले की डोळे गेल्यावर तुम्हाला भरवणार कोण, शौचाला नेणार कोण. असं बोलणारी पोरगी जगात दुसरी नसेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त नाही म्हणून मान हलवली. माझ्यापुढे आता एकच गोष्ट उरली होती. मी त्यांच्या पलंगावर बसले.

“बाबा, मले विमानात काही दिसलं नव्हतं.”

त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

“रंग तं सांगितले तू.”

“रंग तुमच्याच तोंडून इतकी वर्षं ऐकून आहे. तुमी घाबरले होते, म्हणून हो म्हटलं.”

“अन् मोबाईलमंदी?”

“ते मनानंच रचून वाचलं.”

मी हे न अडखळता बोलले. शिवणावर कात्री चालवावी तसं. बाबा माझ्याकडे बघत होते, त्यांच्या पोंगळीत माझं तोंड तेवढं मावत असेल. मला वाटलं, त्यांना कळेल, मला खोटं बोलता येत नाही हे त्यांना ठाऊक आहे. पण आपल्या डोळ्यावर त्यांचा जो विश्वास एका दिवसापुरता परत आला होता, तो फारच कच्चा होता. तो लगेच गेला. खांदे उतरले. “मायसारखीच,” एवढं म्हणाले, आणि मग विचारलं की सही कुठं करायची. मी त्यांचं बोट धरून कागदावर जागा दाखवली. त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, एकावर एक अक्षरं चढली होती.

ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा सर्जननं टॉर्च डोळ्यासमोर धरला आणि विचारलं, “रोशनी दिख रही है?” बाबा म्हणाले, नहीं. टॉर्च वरून, खालून, बाजूनं धरला. नहीं.  मग सर्जननं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ज्याची भीती होती तेच झालं, असं सांगितलं. मला आधीच बजावलं होतं, लपवलं काहीच नव्हतं. मी भांडायला माणूस शोधत होते आणि सापडत नव्हता. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंडात ओढणी कोंबून रडले.

आम्ही रेल्वेनं परत आलो. आता बाबांना भिंत धरून मोरीपर्यंत जाता येतं, माठाची जागा हाताला पाठ झाली आहे. दिवसा दुकानात माझ्या मशीनजवळ बसतात. तिचा आवाज थांबला की विचारतात, दोरा तुटला का? एवढंच. कोणी गावाकडून आलं तर जयभीम घेतात, बरं आहे म्हणतात. धानाचं, पाण्याचं कोणी विचारत नाही आणि ते बोलत नाहीत. ते रागावलेत असंही नाही. रागावले असते तर मी भांडले तरी असते. ते माझं सगळं ऐकतात, आज भाजी कोणती, बाहेर कोण गेलं, आणि हं म्हणतात. मी सांगितलेलं काहीच ते खरं धरत नाहीत, हे मला त्या हं वरून कळतं.

परवा मला राहवलं नाही. ऑपरेशन होऊन गेलं, थेंब बंद झाले, आता माझ्या खोट्यानं वाचवायचं काहीच उरलं नव्हतं. बाबा जेवत होते. मी ताटासमोर बसले आणि त्यांचा डावा हात धरून सगळं सांगितलं. विमानात मला खरंच दिसलं होतं. तुमचं खळं होतं, ढगावर होतं, मी पाहिलं. दवाखान्यात बोलले ते खोटं होतं, सहीसाठी बोलले. त्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी खरं मानावं म्हणून मी ते सांगितलं जे त्यांच्या तोंडून कधी ऐकलेलं नव्हतं आणि मीही तेव्हा बोलले नव्हते. म्हटलं, बाबा, त्या खळ्याच्या बाहेर आणखी एक होतं, मोठं, फिकट, तेही रंगीत. दोन होती.

सांगून झाल्यावर मला कळलं की ते बाहेरचं त्यांच्या पोंगळीत मावलंच नसणार.

बाबांनी घास ताटात ठेवला. माझा हात चाचपून दोनदा थोपटला, लहानपणी थोपटायचे तसा.

“दुसरं नव्हतं, एकच होतं,” ते म्हणाले. “आता कायले माह्यं मन राखून राहिली, बाई?”